पडलेला कान, उभा कान
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत कानाइतकं काम दुसऱ्या कुठल्या अवयवाला असेल असं वाटत नाही. आपण कान टवकारतो, कान उपटतो, कान भरतो, कान फुंकतो, कानाला खडा लावतो, नको असलेली गोष्ट कानामागे टाकतो. आणि एखादा हिरमुसला, हरला की म्हणतो, बघा कसा कान पाडून बसलाय. उभा कान सावध माणसाचा आणि पडलेला कान हरलेल्याचा, हे भाषेनं ठरवूनच टाकलं आहे. पण इंग्लंड, फ्रान्स आणि हॉलंडमधल्या शौकीन मंडळींनी असा एक ससा घडवला, की त्याचे कान जितके नीट पडलेले, तितका त्याचा मान मोठा. या सशाला ते ‘लॉप’ म्हणतात. आपण लंबकर्ण म्हणू या. पंचतंत्रातल्या गाढवाचं ते नाव आहे, पण त्याची काही हरकत नसावी.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. प्राणिशास्त्र शिकवणं हा माझा धंदा नाही. पण या सशाच्या कानांत मला रस वाटला, कारण आनुवंशिकतेच्या विज्ञानातलं एक मोठं भांडण याच कानांवरून झालं. आईबापांचे गुण पोरांत उतरतात ते दुधात पाणी मिसळावं तसे, की सुपात ज्वारी-बाजरी मिसळावी तसे? दुधातलं पाणी पुन्हा वेगळं काढता येत नाही. सुपातले दाणे चिकाटी असेल तर निवडून वेगळे करता येतात. प्रश्न एवढाच होता. पण त्याच्या उत्तरावर डार्विनचा सगळा डोलारा उभा राहणार होता किंवा कोसळणार होता.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. आपल्या माळरानावर, तुरीच्या शेतात दिसतो तो ससा वेगळा आणि पिंजऱ्यात पाळतात तो वेगळा. आपला रानससा उघड्यावर राहतो, त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात. पाळीव ससा मूळचा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. त्याची पिल्लं जन्मतात तेव्हा उघडी, आंधळी आणि गुलाबी असतात. रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं, पाळीव सशाच्या पेशीत ४४. या दोघांचा संकर होत नाही. पुढे जे सांगणार आहे ते सगळं दुसऱ्या सशाचं.

डार्विनचं ‘ओरिजिन’ १८५९ साली आलं. त्यात त्यानं पडलेल्या कानांकडे लक्ष वेधलं होतं. पाळीव प्राण्यांत कुठल्या ना कुठल्या देशात लोंबत्या कानांची जात सापडतेच. शेळ्या बघा, कुत्रे बघा, डुकरं बघा. रानटी प्राण्यांत मात्र असा कान जवळजवळ नाही, अपवाद हत्तीचा. आपल्याकडे उस्मानाबादी शेळीचे कान पडलेले, उत्तरेकडच्या जमनापारीचे तर पानासारखे खाली लोंबणारे, आणि बारबरीचे छोटे, उभे. एकाच बाजारात तिन्ही दिसतील. माणसाच्या सावलीत आला की प्राण्याचा कान का पडतो, याचा शोध अजून चालू आहे. रशियात नोवोसिबिर्स्कजवळ १९५९ पासून कोल्ह्यांची फक्त स्वभाव बघून निवड केली, जो माणसाला भीत नाही तोच पुढे पैदाशीला ठेवला. काही पिढ्यांनी त्यांतल्या काही पिल्लांचे कान लोंबू लागले. कान कुणी मागितले नव्हते, ते गरीब स्वभावाबरोबर आले.

डार्विननं १८६८ साली पाळीव प्राणी आणि वनस्पती यांच्यावर दोन जाडजूड खंड काढले. त्यात सशांवर एक अख्खं प्रकरण आहे. प्रदर्शनातल्या एका लंबकर्णाचे कान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २२ इंच भरल्याची नोंद त्यात आहे. साध्या रानटी सशाचं हेच माप साडेसात इंचांच्या आसपास. (पुढे २००३ साली अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एका प्रदर्शनात एका इंग्लिश लॉपचे कान ७९ सेंटिमीटर म्हणजे ३१ इंचांहून जास्त भरले. हौसेला मोल नसतं ते असं.) कान लांब व्हावेत म्हणून ते लोक वाढत्या पिल्लांच्या खोल्या ऊबदार ठेवत. त्यात तथ्य होतं. सशाचा कान म्हणजे अंगातली उष्णता बाहेर टाकायचा पंखा, आणि गरम हवेत वाढलेल्या पिल्लाचा कान थोडा जास्त वाढतो.

त्या काळच्या शौकिनांनी अर्धवट कानांनाही नावं दिली होती आणि ती मला फार आवडली. एक कान उभा, एक पडलेला, तो ‘अर्धा लॉप’. दोन्ही कान नावेच्या वल्ह्यांसारखे आडवे पसरलेले, तो ‘वल्हे-लॉप’. आणि कान पुढे शिंगांसारखे आलेले, तो ‘शिंग-लॉप’. आपल्याकडचे नैयायिक जगात जी गोष्ट असूच शकत नाही तिचं उदाहरण म्हणून सशाच्या शिंगाचं नाव घेत आले, शशशृंग! इंग्लंडमधल्या खुराड्यांत ते निदान नावापुरतं तरी उगवलं म्हणायचं.

डार्विननं या अर्ध्या लॉपची कवटी तपासली, तिचं चित्रही छापलं. ज्या बाजूचा कान पडलेला, त्या बाजूचं कानाच्या भोकाचं हाड वेगळ्या दिशेला वळलेलं होतं, आणि त्यामुळे कवटीच्या दोन बाजू एकसारख्या राहिल्या नव्हत्या. कान पडला म्हणजे नुसती कातडी लोंबली असं नव्हे, हाडापर्यंत फरक पडतो, हे त्यानं दाखवलं. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

संकराबद्दलही त्याच्याकडे शौकिनांची माहिती होती. दोन्ही आईबाप उत्तम लंबकर्ण असले तरी सगळी पिल्लं तशी निघतील याची खात्री नाही. आणि दोघांचेही कान उभे असतील, तर पूर्ण पडलेल्या कानांचं पिल्लू मिळण्याची आशा जवळजवळ नाहीच. हे असं का, याचं उत्तर डार्विनजवळ नव्हतं. अंगातल्या प्रत्येक भागातून बारीक कण सुटतात आणि ते पुढच्या पिढीत जातात, अशी एक कल्पना त्यानं याच ग्रंथात मांडली. त्याचा नातलग गाल्टन हट्टी माणूस. कण असतील तर रक्तात असतील, असं धरून त्यानं सशांचं रक्त दुसऱ्या सशांच्या अंगात घातलं, त्यांची पिल्लं पाहिली. पिल्लांवर परक्या रक्ताची काही खूण नाही. १८७१ मध्ये त्यानं ते छापलं. डार्विन म्हणाला, मी रक्ताचं नाव कुठं घेतलं होतं? दोघांचे संबंध टिकले, ससे मात्र उगाच भरडले गेले.

त्याच्या आधी, १८६७ मध्ये, फ्लीमिंग जेंकिन नावाच्या इंजिनिअरनं डार्विनला खरी अडचणीची गोष्ट विचारली होती. गुण दुधात पाणी मिसळावं तसे मिसळत असतील, तर एखादा नवा चांगला गुण पुढच्या पिढीत निम्मा होणार, त्याच्या पुढच्या पिढीत पाव, मग अर्धा पाव. चार-सहा पिढ्यांत त्याचा मागमूस राहणार नाही. मग निसर्ग निवड करणार कशाची?

मेंडेलच्या वाटाण्यांनी याचं उत्तर दिलं होतं, पण त्याचे कागद १९०० सालापर्यंत कुणी नीट वाचले नव्हते. वाटाणा गोल तरी, नाहीतर सुरकुतलेला. मधला नाही. पहिल्या पिढीत सुरकुती लपते, दुसऱ्या पिढीत चारांत एक या हिशेबानं जशीच्या तशी बाहेर येते. म्हणजे सुपातले दाणेच. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात विल्यम कॅसल नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी हे सशांच्या रंगांवर तपासलं, आणि जमलं. मग त्यांनी कान घेतला.

एका बाजूला लंबकर्ण, कानाची लांबी २२० मिलिमीटरच्या आसपास. दुसऱ्या बाजूला आखूड कानांचा ससा, १०० मिलिमीटरच्या आसपास. पहिल्या पिढीच्या पिल्लांचे कान मधल्या मापाचे निघाले. ठीक. आता या भावंडांची आपसात वीण लावली, तर मेंडेलच्या नियमानं काही लांब, काही आखूड, काही मधले असे स्पष्ट गट पडायला हवेत. पडले नाहीत. दुसऱ्या पिढीचे कानही मधलेच. आजोबांचा कान कुणाला नाही, आजीचा कान कुणाला नाही. कॅसलनी १९०९ मध्ये लिहिलं की इथं गुण मिसळून एकजीव झाले आहेत. म्हणजे पुन्हा दूध आणि पाणी. जेंकिनचा प्रश्न सशाच्या कानात जाऊन बसला.

याचा उलगडा सशांना हातही न लावता झाला, ही त्यातली मौज. स्वीडनमध्ये निल्सन-एले गव्हावर काम करत होते. लाल दाण्याचा आणि पांढऱ्या दाण्याचा गहू संकरित केला तेव्हा एका संकरात दुसऱ्या पिढीत चौसष्टांत एकच पांढरा मिळाला. त्यांनी ओळखलं की लाल रंगाच्या पाठीमागे एक नव्हे, जनुकांच्या तीन जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडी थोडा थोडा रंग टाकते. हेही १९०९ सालचंच. दुसऱ्या वर्षी झुरिकच्या आर्नोल्ड लांग या प्राध्यापकांनी, जे खरं तर गोगलगायींचे अभ्यासक, तोच हिशेब कॅसलच्या सशांना लावून दाखवला.

तो हिशेब घरी कागदावर करून बघण्यासारखा आहे. समजा, कानाच्या लांबीला जनुकांच्या तीन जोड्या जबाबदार आहेत. तीन जोड्या म्हणजे सहा जागा. आखूड कानाच्या सशात सहाही जागा रिकाम्या, कान १०० मिलिमीटर. प्रत्येक भरलेली जागा कान २० मिलिमीटरनं वाढवते. सहाही भरल्या की २२०. लंबकर्ण आणि आखूड कानवाला यांचं पिल्लू दोघांकडून निम्मं निम्मं घेतं, म्हणून त्याच्या तीन जागा भरलेल्या, कान १६०. सगळी भावंडं सारखी. आता ही भावंडं आपसात लावली. सरासरीनं चौसष्ट पिल्लांत १६०चे वीस निघतील, १४० आणि १८०चे पंधरा-पंधरा, १२० आणि २००चे सहा-सहा, आणि १०० चं एक, २२० चं एक. चौसष्टांतले पन्नास मधल्या तीन मापांत आले! सशीण एका वेताला पाच-सात पिल्लं देते. चौसष्ट पिल्लं मोजायची तर दहा-एक वेतं हवीत, आणि तेव्हा कुठं आजोबांच्या कानाचं एक पिल्लू मिळण्याची आशा. शिवाय खाणंपिणं, ऊन, थंडी यांनी माप चार मिलिमीटर इकडे-तिकडे होतंच, त्यामुळे पायऱ्यापायऱ्यांचा जिना न दिसता सरळ उतार दिसतो. तीनाऐवजी चार जोड्या धरा, टोकाचा कान २५६ मध्ये एकदा. पाच धरा, १०२४ मध्ये एकदा.

दाणे सुपातच होते, फक्त इतके बारीक आणि इतके जास्त की लांबून पीठ वाटावं. कॅसल बराच काळ मानले नाहीत. उंदरांवर वर्षानुवर्षं प्रयोग केल्यानंतर १९१९च्या सुमाराला त्यांनी हा विचार मान्य केला, आणि तसं जाहीरपणे लिहिलं. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं.

पण लांबी म्हणजे पडणं नव्हे. फ्लेमिश जायंट हा भलाथोरला ससा घ्या, कान चांगले लांब, पण ताठ उभे. उलट हॉलंड लॉप हा चिमुकला, कान आखूड, तरी पडलेले. कान पडतो तो मुळाशी. कानाच्या नळीभोवती कूर्चेच्या, म्हणजे लवचीक हाडाच्या, पट्ट्या असतात. उभ्या कानात त्या एकमेकींना धरून नळी ताठ ठेवतात. लंबकर्णात मुळाजवळ त्यांच्यात फट राहते आणि तिथं कान मोडतो. डोक्यावर या मोडीचा जो उंचवटा दिसतो त्याला शौकीन ‘मुकुट’ म्हणतात. कानाची लांबी, रुंदी, वजन, मुळाची फट, डोक्याची रुंदी, या साऱ्यांची बेरीज होऊन कान पडतो किंवा राहतो.

इथं मला पावसाळ्यातल्या बैठ्या चाळीची आठवण होते. पाऊस किती पडला हे इंचांत मोजता येतं, थोडा, जास्त, त्याहून जास्त. पण घरात पाणी शिरलं की नाही याला दोनच उत्तरं, आणि ते ठरवतो उंबरठा. कानाचंही तसंच. आत दडलेली बेरीज थोडी थोडी वाढत जाते, आपल्याला दिसतं ते मात्र उभा किंवा पडलेला एवढंच. आणि ज्याची बेरीज नेमकी उंबरठ्याला टेकलेली, त्याचा एक कान पडतो आणि एक राहतो. दोन्ही कानांना जनुकं एकच. वाढीच्या काळातला बारीकसा योगायोग डावा-उजवा भेद करून जातो. हा उंबरठ्याचा विचार नीट मांडला तो सीवॉल राइट यांनी, १९३४ मध्ये, गिनीपिगच्या जादा बोटांवरून. ते कॅसलचेच विद्यार्थी.

म्हणून लॉप आणि उभ्या कानांचा ससा यांच्या संकराचं भविष्य सांगताना जपून बोलावं. पहिल्या पिढीत बहुतेक कान उभे किंवा वल्ह्यांसारखे आडवे, एखादा अर्धा लॉप. पूर्ण पडलेला क्वचित. ही पिल्लं पुन्हा लॉपला दिली तर पडलेल्यांचं प्रमाण वाढतं. इतर गुण इतके नखरे करत नाहीत. रेक्स सशाची मखमली लव घ्या. ती १९१९ साली फ्रान्समध्ये प्रथम दिसली आणि एकाच जनुकाची आहे. रेक्स आणि लॉप लावा, पहिल्या पिढीत लव साधी, दुसऱ्या पिढीत चारांत एक मखमली, वाटाण्यासारखी. लायनहेडची आयाळ तर आईबापांपैकी एकाकडून आली तरी दिसते. तेव्हा संकरित पिल्लाच्या अंगावर आयाळ एका पिढीत चढेल, कान खाली यायला मात्र अनेक पिढ्या लागतील.

किती पिढ्या, ते हॉलंडमधल्या टिलबर्गच्या आद्रियान द कॉक यांना विचारावं. फ्रेंच लॉप पाच किलोंच्या वरचा दांडगा ससा, आणि नेदरलंड ड्वार्फ एक किलोच्या आसपासचा. या दोघांतून लहानगा लंबकर्ण काढायचा असं त्यांनी १९४९ साली मनावर घेतलं. संकराच्या पहिल्या पिल्लांचे कान उभे. मग कानांसाठी त्यांनी इंग्लिश लॉपचं रक्त आणलं. पुन्हा निवड, पुन्हा वीण. १९६४ मध्ये हॉलंडमध्ये या जातीला मान्यता मिळाली, १९७९ मध्ये अमेरिकेत. आज तिथल्या नियमानं हॉलंड लॉपचं वजन चार पौंडांच्या आत हवं. हाच ससा ब्रिटनमध्ये ‘मिनी लॉप’ म्हणून ओळखला जातो, आणि अमेरिकेतला ‘मिनी लॉप’ वेगळा, मोठा. नावावर जाऊ नये.

या चिमुकलेपणाची एक किंमत आहे, आणि ती ससाच मोजतो. ड्वार्फ सशाच्या अंगात एक बुटकेपणाचं जनुक आहे. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी ते नेमकं शोधलं. एचएमजीए-२ नावाच्या जनुकाच्या जागेवर डीएनएची सुमारे १२ हजार अक्षरं गळलेली आहेत. एकाच बाजूनं गळलेली असतील तर ससा गोजिरवाणा, गोल डोक्याचा, आखूड. दोन्ही बाजूंनी गळलेली असतील तर पिल्लू फार छोटं, फुगीर डोक्याचं जन्मतं आणि काही दिवसांत मरतं. पाळणारे त्याला ‘पीनट’, शेंगदाणा म्हणतात. दोन अस्सल बुटके ससे एकत्र लावले की सरासरीनं चारांत एक शेंगदाणा, दोन बुटके, आणि एक साधा, त्यातल्या त्यात मोठा. म्हणजे दर वेताला एखाद-दुसरं पिल्लू आपण आधीच मरणाच्या खात्यावर टाकतो. ते टाळायचं तर उपाय साधा आहे. एक जोडीदार बुटका घ्यावा, दुसरा त्याच घराण्यातला साध्या अंगाचा. तशी वीण निम्मी पिल्लं बुटकी देते आणि मेलेलं एकही नाही. प्रदर्शनात त्या साध्या अंगाच्या सशाला विचारत नाहीत, म्हणून काही जण त्याला ठेवत नाहीत. मला हे पटत नाही.

आमच्या इमारतीतल्या एका मुलीनं दुकानातून सशाची दोन पिल्लं आणली. दुकानदारानं लॉप म्हणून दिली होती. लहानपणी लंबकर्णाचे कानही लगेच पडत नाहीत, काही आठवडे जातात, तेव्हा विकणाऱ्याला काहीही म्हणता येतं. तीन महिन्यांनी एकाचे दोन्ही कान उभेच, दुसऱ्याचा डावा पडला, उजवा ताठ. ती रडकुंडीला आली. “चाचा, हा बिघडलाय का? परत देऊ का?” मी म्हटलं, “बेटा, बिघडला नाही. याचा पणजोबा एकीकडचा, पणजी दुसरीकडची. दोघंही याच्या डोक्यावर बसलेत.” तिनं ठेवला. त्याच्या उभ्या कानाच्या बाजूनं हाक मारली की तो लवकर वळतो, असं ती सांगते. खरंखोटं तो ससाच जाणे.

हा विनोद थोडा गंभीरपणे घ्यायला हवा. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये निवारा केंद्रातल्या तीस सशांची तपासणी झाली, पंधरा लॉप, पंधरा उभ्या कानांचे. लॉपच्या कानांच्या नळ्या अरुंद होत्या, मळ जास्त होता आणि कान तपासताना दुखल्याच्या खुणाही जास्त दिसल्या. दातांच्या तक्रारीही त्यांच्यातच अधिक आढळल्या. दातांची गोष्ट मात्र पुढे डळमळीत झाली. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या प्रचंड मोठ्या नोंदी तपासल्या तेव्हा लॉपना दातांचा जास्त धोका आहे असं दिसलं नाही. पण कान मुळाशीच मोडलेला असल्यानं मळ बाहेर पडायची वाट अडते, हे समजायला मोठ्या नोंदी लागत नाहीत.

तेव्हा ज्यांच्या घरी लंबकर्ण किंवा अर्धा लंबकर्ण आहे, त्यांनी दर आठ-पंधरा दिवसांनी कान हळूच उचलून आत पाहावं. वास येतोय का, पिवळट घट्ट मळ दिसतोय का, कानाच्या मुळाशी गाठ हाताला लागते का, ससा डोकं एका बाजूला कलंडून चालतोय का. यातलं काही दिसलं तर काडीनं कोरत बसू नये, पशुवैद्याकडे न्यावं. अर्ध्या लॉपचा पडलेला कान आधी बघावा.